कलाबाईचं सहावं बोट

नाशिक,
२४ ऑक्टोबर १९९७

तीर्थरूप सावळीरामदादांस,

भिकाचा नमस्कार. पुण्याच्या पेपरात तुमचे लेख वेळेवर येतात, त्यावरून हात ठीक आहे हे कळतं. डोळ्यांचं काय? वहिनी मागे मोतीबिंदूचं म्हणत होत्या.

माझ्या प्रदर्शनावर तुम्ही लिहिलंत, त्याबद्दल आभार मानायचे राहिले. (चुलतभाऊ असूनही परखड लिहिलंत, असं सगळे म्हणाले. चुलतभाऊ म्हणूनच, असं फक्त आई म्हणाली.) त्या दिवशी तुम्ही त्र्यंबकेश्वरची पूजा आटोपून परत निघाला होता. गाडी दाराशी चालूच होती. एकवीस चित्रं तुम्ही एका कप चहात पाहिलीत, आणि कपही अर्धा ठेवलात. लेखात मात्र लिहिलंत की चित्रकाराने माणसासमोर थांबायला शिकलं पाहिजे. मी ड्रॉइंगमास्तर, ते वाक्य मुलांना फळ्यावर लिहून दिलं.

पुढे तुम्ही लिहिलंत की 'फुलवाली' या चित्रातल्या बाईच्या उजव्या हाताला सहा बोटं आहेत, आणि ज्याला बोटं मोजता येत नाहीत त्याने मळाच बघावा. दादा, ती कलाबाई आहे, आपल्या मळ्याशेजारची. तिला सहाच बोटं आहेत. तुमच्या लग्नातल्या मुंडावळ्या तिने ओवल्या, आणि तुमच्या कपाळाला बांधल्याही तिनेच. (कपाळाला हात दिसत नाही, हे खरं.) तिचा हात बरकतीचा, म्हणून झेंडूचा पहिला तोडा आपल्या शिवारात अजून तिच्याच हातून होतो. म्हणजे होत असे. तुमचा लेख तिच्या नातीने, पल्लवीने, मोठ्याने वाचून दाखवला. आजी पेपरात आली, एवढंच तिला वाटलं होतं. दसऱ्याआधी तोड्याचं सांगायला गेलो, तर कलाबाई हात पदराखाली घेऊन बसलेली.

"भिका, माझं बोट चुकीचं हाय म्हनं."

म्हटलं, चूक लिहिणाऱ्याची आहे.

"सावळ्या पुन्याला शिकला. तू हितंच ऱ्हायला. खरं कुनाचं धरू?"

यंदाचा तोडा तिच्या सुनेने केला. कलाबाई बांधावर उभी होती, हात झाकून. फुलबाजारातही आता डाव्या हाताने फुलं मोजते, आणि मोजणी चुकते. (हे तुमच्या लेखात बसलं असतं.) माझ्यासमोर चित्रासाठी ती पुन्हा बसणार नाही. सहा वर्षं तिला काढतो आहे. दुसरं कोणी मला काढता येत नाही, हे तुम्हीही कुठेतरी लिहिलंच आहे.

मागणं एवढंच की पेपरात दोन ओळी छापा, बोट खरं आहे म्हणून. तिचं नाव घाला. माझं नको.

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
भिका

ता. क. पत्र चार दिवस टाकायचं राहिलं. राज्य प्रदर्शनाच्या निवड समितीवर तुम्ही आहात असं कालच कळलं. 'फुलवाली' तिकडे पाठवतो आहे. त्या दोन ओळींचं मग राहू द्या. निवडीच्या तोंडावर जुनं कशाला उकरायचं. चित्रात आता पाच बोटं आहेत. मोजून घ्या.

पुन्हा ता. क. बांधण्याआधी चित्र कलाबाईला दाखवलं. तिने बराच वेळ पाहिलं. (तुमच्यापेक्षा बराच.) मग पदराखालचा हात काढून चित्रातल्या हाताशेजारी धरला. म्हणाली, "चांगली हाय. कोन हाय रं ही?"