पुतळीमावशीच्या रक्ताचा निकाल

मुंबई, ३ फेब्रुवारी २०२५

ती. पुतळीमावशीस,
हेमालीचा सा. न.

ओटीपोटातल्या गाठीवर किरणांचा शेक घेतल्यावर बाजारात बसता येईल का, असं तू विचारलंस. मला उत्तर येत नाही. घरातली एकच पदवीवाली, तिलाही येत नाही म्हणून हसशील.

शेक कोणाच्या आतड्यांना जास्त बाधेल याची खूण रक्तातल्या जनुकांत असावी, असा आम्हा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणून तू नाव दिलेल्या चाचणीचा आराखडा असा केलाय: चिठ्ठ्या टाकून अर्ध्या बायकांचा शेक ती खूण बघून ठरवायचा. बाकीच्यांना नेहमीचा शेक, आणि त्यांच्या रक्ताचे निकाल शेवटपर्यंत बंद. तुझी चिठ्ठी या दुसऱ्या गटात आली. खूण खरी आहे की नाही, हेच अजून कळायचंय. तिच्यावर विसंबून शेक कमी केला आणि गाठ पुन्हा वाढली तर? मला दोन्हीकडून भीती वाटते.

रागावू नकोस.
तुझी हेमाली

डहाणू, ९ फेब्रुवारी

चि. हेमालीस,
मावशीचे अ. आ.

हे शेजारच्या उन्नतीकडून लिहून घेतेय. फोनवर बोललं की सगळी आळी ऐकते. माझ्या शेजारी मासळी विकणाऱ्या हिरूला मागच्या वर्षी शेक दिला. गाठ गेली, पण तिला सारखं आडोशाला पळावं लागतं. मासळी बाजारात आडोसा कुठला? तिच्या पाटीवर आता सून बसते. मला मरणाची भीती नाही असं सगळ्यांना सांगते, ते खोटं आहे. पण पाटीवरून उठायची भीती त्याहून मोठी.

तुझे काका म्हणतात, निकाल पोरीच्याच हातात आहेत, एकदा उघडून बघायला काय जातंय? खूण असली तर सतरा तारखेच्या सोमवारी मी शेकाला येतच नाही. बघशील ना? सुके बोंबील पाठवणार होते, पण तुझ्या हॉस्टेलच्या मुली वासाने पळतील.

माया आहे तशी राहू दे.
पुतळीमावशी

मुंबई, १३ फेब्रुवारी

ती. मावशीस, सा. न.

तुझं पत्र वाचून संगणकासमोर बसले. तुझा क्रमांक समोर होता. खूण दिसली असती तर मीच तुला येऊ दिलं नसतं. शेकाशिवाय गाठ थांबणार नाही, एवढं मात्र मला पक्कं ठाऊक आहे. खूण नसती तर निर्धास्त राहा म्हणाले असते, आणि ते खोटं ठरलं असतं तर?

निकाल न उघडताच उठले. डॉक्टरांना सांगितलं, ही माझी मावशी आहे. आराखड्यात एक ओळ वाढवून घेतली: ज्याचं माणूस चाचणीत आहे, त्याला निकाल दिसणार नाहीत. तुला त्रास सुरू झाला तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं. चाचणीतून कधीही बाहेर पडता येतं, हे काकांनाही सांग.

सोमवारी मी तुझ्याबरोबर बसेन, नुसती भाची म्हणून. माझ्यावरचा जीव कमी करू नकोस. निकाल उघडायचा माझा पासवर्ड मी कालच बंद करून घेतलाय.

तुझी हेमाली