शाळेच्या मैदानात आमचं घर

चि. केशव,

आशीर्वाद मागून देईन, आधी माह्यं आयक. तू अकोल्याले गेल्यापासून फोन उचलत नाही, म्हणून हे लिहून राहिले. तुही तब्येत बरी असंन (माही शुगर कोणी विचारत नाही).

आपल्या वस्तीतली शाळा बंद झाली. पोरं कमी म्हणून शाळा बंद, अन् आता शाळा नाही म्हणून पोरं घरी. सरकारी शाळा राहिली नाल्यापल्याड. पाणी आलं की मास्तरच येत नाही. म्हणून माही लेक संध्या, तिच्या मैनीसाठी दर्यापूरच्या इंग्रजी शाळेतल्या फुकटच्या जागेचा फारम भराले मी नगमाच्या कंप्युटरच्या दुकानात गेली. तिनं नकाशा उघडला. म्हणे, “मावशी, घर कुठं? एक किलोमीटरच्या आत पाहिजे.” बाजारात भाजी घेऊन बसणारी बाई मी, गेटाजवळची जागा धरणं मले बरोबर समजते. म्हटलं, लाव घराची खूण शाळेतच. ती म्हणे, “शाळेत कोण राहते, मावशी?” म्हटलं, “तुले काय करायचं? लाव.”

लॉटरीत नंबर लागला. मी गल्लीत पेढे वाटले. मंग कागद तपासणारा साहेब म्हणे, “बाई, तुमचं घर झेंड्याच्या खांबापाशी दिसून राहिलं.” म्हटलं, “मंग लेकरू उशिरा तं येणार नाही.” तो हसला नाही. शुक्रवारी जवळच्या घराचा भाडेकरार आणा, नाही तं जागा दुसऱ्याले जाईन, म्हणे.

पुढच्या सालात मैनीचं वय बसत नाही. शाळा दूर म्हणून मी तिसरीतून घरी बसली, संध्या सातवीतून. हिची तं पहिलीच होऊन नाही राहिली. असो, आपलं नशीबच तसं. तुले काही मागाचं नाही, फक्त कळवलं.

तुही मोठी बहीण,
शकुन

ता.क. दर्यापूरचं तुह्यं घर त्या शाळेच्या मागंच आहे, तीन वर्षांपासून कुलपात. चाबी अन् भाडेकरारावर सही पाठव.

ता.क. दुसरा. चाबी राहू दे. रविवारी मी कुलूप तोडलं. संध्या, मैनी अन् मी तुह्याच घरात राहून राहिलो. तुह्या कपाटाले हात नाही लावला, भांडी तेवढी काढली. आता आमी खरंच इथं राहतो, मंग कागद खोटा कसा? मागच्या खिडकीतून शाळेची प्रार्थना आयकू येते. मैनी रोज हात जोडून उभी राहते. हे पत्र घेऊन आपल्या गल्लीतला गोवर्धन आला आहे, त्याच्याच हाती गुरुवारच्या सांजेपर्यंत सही पाठव. नसंन द्यायची, तं गुरुवारीच फोन कर अन् मैनीले तूच सांग.