उजव्या वाटीचे आटे

४ नोव्हेंबर १९५७. घोडेगाव

सायकल घेतली! फ्रेंच, बायकी, दांडी नसलेली. पाँडिचेरीकडून फिरत फिरत सावळेराम शेठच्या दुकानात आली आणि दोन वर्षं तिथंच पडून होती — म्हणून निम्म्या किमतीत. शेठ म्हणाले, "हितं कोन बाईमानूस सायकल चालवतंय? तुमच्याच नावाची हाय ही."

पायडलांमधला आस मी स्वतः हलवून पाहिला. मलेरियाच्या तपासणीसाठी रोज बारा मैल फिरायचं, मागे रक्ताच्या काचांची पेटी. घंटी बिघडली तर चालेल. आस नको.

दुकानातला मिस्त्री अजीज मध्येच म्हणाला, "बाई, ह्येची उजवी वाटी —" मी थांबवलं. आस दोन वाट्यांत, छर्ऱ्यांवर फिरतो. उजव्या वाटीचे आटे उलटे, ती डावीकडे फिरवून आवळायची. पुस्तकात आहे. शेठ हसले. "अरं, बाई पुण्याला शिकल्यात. तू काय सांगनार त्यास्नी?" अजीजनं पाना उचलला. तिशीतला माणूस, पण मान लगेच खाली.

९ नोव्हेंबर

शिनोली. १९ काचा. संध्याकाळी आस हलतोय — अर्धं सूत, इंचाचा सोळावा भाग! पाना लावून उजवी वाटी पाव फेरा आवळली. फरक नाही.

१० नोव्हेंबर

सकाळी पाहिलं. हलत नाही. शून्य.

२३ नोव्हेंबर

पंधरा दिवस वहीत रोज नोंद ठेवली; पुढेही ठेवणार. संध्याकाळी अर्धं सूत, मग पाव फेरा, सकाळी शून्य. अनुमान: थंडीत ग्रीस घट्ट होतं आणि छर्रे जागेवर बसतात. पटण्यासारखं आहे. पूर्ण पटलेलं नाही.

दादाचं पत्र. "फिरती झेपत नसेल तर घरी ये. इथंही कामं आहेत." कोणती कामं ते मला माहीत आहे. झेपते म्हणून उलट टपाली कळवलं.

३ डिसेंबर

आमोंडीच्या चढावर उतरून ढकलावी लागली. पाय भरून आलेत. आस ठीक.

१३ डिसेंबर

दवाखान्यात झाडलोट करणारी ठमाबाई सकाळी धावत आली. "बाई, त्यो अजीज! फाटंचं तुमच्या सायकलीपाशी बसला व्हता पडवीत. पाना घिऊन! मला बगून पळाला की वो."

म्हणजे ग्रीस नाही, थंडी नाही. आस ढिला कोण करतं ते कळलं — सकाळी कळू नये इतका, संध्याकाळपर्यंत वाढेल असा. दुरुस्तीचं गिऱ्हाईक टिकवायची युक्ती. शेठना चिठ्ठी दिली. चार ओळी, सही, तारीख.

१४ डिसेंबर

शेठनी अजीजला काढलं. ठमाबाई खुशीत — "आता ह्या गावात त्याला कोन हात लावू देतंय सायकलीला!"

मी एवढं मागितलं नव्हतं. पण चिठ्ठी माझीच.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे पाव फेरा.

१६ डिसेंबर

शिनोलीच्या अलीकडे पायडल एकदम लटकलं. मी खडीवर. चौदा काचा फुटल्या. उजवी वाटी निखळून रस्त्यावर पडली होती. गुडघ्याला लागलंय. सायकल ढकलत आले. लोक बघत होते.

१७ डिसेंबर

वाटी उजेडात धरून पाहिली. आटे सरळ आहेत! उजवीकडे फिरवली की आत जाते. इंग्लिश सायकलचा नियम फ्रेंच सायकलला लावला मी.

म्हणजे रोज संध्याकाळी मीच ती ढिली करत होते. आणि पहाटे अजीज आवळत होता.

तीनदा फिरवून पाहिली. सरळच.

१८ डिसेंबर

दुकानात गेले. चार गिऱ्हाइकांसमोर सांगितलं — चूक माझी, अजीजची नाही, त्याला परत घ्या. शेठ गल्ल्यावरून उठलेसुद्धा नाहीत. "चिठ्ठी तुमच्या सहीची हाय, बाई. उद्या आनखी येक आनाल. मी दुसरा मानूस ठेवलाय."

मग अजीजच्या घरी. त्याची आई झुबेदा दारातच म्हणाली, "आता काय ऱ्हायलंय?" आत अजीज खाट विणत होता. वर पाहिलं नाही.

"मला सांगितलं का नाहीत?"

"सांगत व्हतो की. तुमीच थांबवलं."

"आणि पहाटे येत होतात ते?"

"शेठचा हुकूम. सरळ आटे चालवून आपसूक ढिले व्हत्यात, त्यास्नी म्हाईत व्हतं. म्हनले, हमी महिन्याची हाय, चार तारखेपातूर सायकल माघारी येता कामा न्हाई. गुपचूप आवळून ये."

"म्हणजे फक्त हुकूम."

 त्यानं सुंभ ओढून गाठ मारली.

परत येताना जरा हलकं वाटलं, हे लिहून ठेवते. उपकार नव्हते. दोषाचे दोन वाटेकरी झाले, मी आणि शेठ.

१९ डिसेंबर

हमी चार तारखेला संपली. त्यानंतर हुकूम नव्हता. पाच ते तेरा, नऊ सकाळी. वहीत नवही शून्य.