जतच्या मुलींची टाकी

आई, आज रविवार, दुपार. तू गेल्यावर सुरुवातीला तुला वहीत लिहायचे, मग थांबले. का थांबले, ते धड सांगता येत नाही. इतकी वर्षं गप्प राहिले, राग धरू नकोस. आज लिहितेय तेही आठवण आली म्हणून नाही, लाज वाटली म्हणून.

आधी तुला खेळ सांगायला हवा. संगणकावर एक रिकामी चौकट असते. तिच्यात वाळू, पाणी, धातू, आग, हवं ते कणाकणानं टाकायचं. पाणी उतारानं वाहतं, धातू तापतो, वायरीतून वीज धावते, सगळं खऱ्यासारखं. मुलगा पुण्याला शिकायला गेला तेव्हा त्याच्या संगणकावर हा खेळ राहिला होता. इथे सांगलीत ऑफिसातून आल्यावर मी सहज उघडला आणि रमले. त्यात मी एक छोटी जोडणी केली: पाणी टाकीच्या काठाला टेकलं की पंप आपोआप बंद. अशी जोडणी एकदा जतन करून सगळ्यांसाठी ठेवली की कुणीही ती उचलून आपल्या चौकटीत बसवू शकतं. आत काय आहे ते बघावं लागत नाही, वायर जोडली की चालू. माझी पुष्कळांनी नेली. आपल्याकडून गल्लीतल्या बायका विरजण न्यायच्या ना, तशी. कुणी 'मस्त झालीय' असं लिहिलं की माझा दिवस चांगला जायचा.

जत तालुक्यातल्या एका शाळेतल्या बाईंनीही ती नेली. त्यांच्या वर्गातल्या मुलींनी त्या खेळात टँकर, गावची टाकी, घरोघरचे नळ असं सगळं उभं केलंय. परवा प्रदर्शनात मांडायचंय. मागच्या आठवड्यात बाईंनी विचारलं, "ताई, टाकी थोडा वेळ नीट चालते, मग भरून वाहायलीय. काय चुकत असंल?" मी काही न बघताच उत्तर दिलं, "तुमच्या बाजूच्या वायरी तपासा." आणि भाजी चिरायला गेले.

काल, मनात काहीतरी टोचत होतं म्हणून, कुठे किती उष्णता आहे ते रंगांत दिसतं तसं करून मी माझीच जोडणी पाहिली. कोपऱ्यात, धातूच्या आड, एक लाल ठिपका. बनवताना मी काहीबाही वितळवून बघितलं होतं, त्यातला कधीच न निवणारा एक कण आत राहून गेला होता आणि तसाच जतन झाला होता. तो पंप बंद करणारी कळ हळूहळू तापवतो, आणि कळ तापली की पंप थांबत नाही. माझ्याकडचा कण मी काढून टाकला, पण ज्यांनी ज्यांनी जोडणी नेली, त्या सगळ्यांकडे तो ठिपका गेलाय.

तेव्हापासून औंधचं आपलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढून हलत नाही. मी शाळकरी आहे, अण्णा फौजेत, घरात आपण दोघीच. तू पळीनं दही उचलतेस आणि ते तुटत नाही, तार धरून लोंबत राहतं. तू वास घेतेस, गाडगं खाली ठेवतेस.

"काल कुनाकुनाला दिलं गं इरजन?"

"टाकून दे की आई. त्यांना काय कळतंय आपल्यामुळं झालं ते?"

"त्यास्नी न्हाई कळायचं. म्हनूनच जायाचं. ऊठ."

मी उठले नाही. मला शरम वाटत होती. तू पदर खोचून एकटीच निघालीस, आणि समोरच्या काकूंच्या दारातलं बोलणं मला खिडकीतून ऐकू आलं. "आवं, कालचं इरजन लावू नगा. माज्या दह्याला तार आलीया." काकू हसल्या. "सुभेदारीणबाई, आता दह्याचीबी दवंडी का?" तूही हसलीस. "पिटायलाच पायजे की. न्हाईतर उद्या तुमी म्हशीला बोल लावाल. ती बिचारी काय करंल?" आणि पुढच्या दाराला गेलीस.

आज सकाळी बाईंनी आवाजाचा निरोप पाठवला. रविवार असूनही मुली शाळेत जमल्यात. "ताई, पोरी परत परत तपासायल्यात, घावत न्हाई काही," असं त्या म्हणतायत, आणि मागून एक बारीक आवाज येतो: "बाई, माजंच चुकलंय. माजी वायर वाकडी गेलीया. मी समदं पुसून परत करते." पुन्हा पुन्हा ऐकला तो आवाज. मग लिहिलं, 'चूक मुलींची नाही, माझी आहे,' आणि पुसलं. त्याऐवजी लिहिलं, 'नवीन सुधारित जोडणी ठेवली आहे, ती वापरून पाहा.' सुधारित! तो शब्द किती पटकन सुचला मला. तेही पाठवलं नाही. जेवले, भांडी घासली, आणि तुला लिहायला बसले. तुला लिहिणं सोपं आहे, तू परत काही विचारणार नाहीस.

एक सांगायचं राहिलं. मी घरी दही लावत नाही, पिशवीतलं आणते. विरजण मागायला दारात कुणी येत नाही, तेव्हा दारोदार जायची वेळही आपल्यावर येणार नाही, असंच धरून चालले होते मी.

उद्या: शाळा भरायच्या आत बाईंना फोन करायचा, तो त्या मुलीच्या हातात द्यायला सांगायचं, आणि चूक माझी आहे हे तिला सांगायचं.