दोन हजार प्रती, सगळे डावखुरे

मुंबई, ता. ३ सप्टेंबर १९६२

तीर्थस्वरूप डोमाजी मामा यांस भाचा भगवंत याचा मनापासून जयभीम, आणि सुंदरामामीलाही तेवढाच. मी इकडे खुशाल आहे, म्हणजे खाणावळीची आमटी खाऊन माणूस जेवढा खुशाल राहू शकतो तेवढा. तुमचा गुडघा कसा आहे? कचेरीचे नवे साहेब अजून एकेका कागदासाठी तुम्हाला जिना चढायला लावतात काय? मामी बाळापूरच्या वैद्याचा काढा पिते, की अजूनही केळीच्या बुडाशी ओतते? (मी विचारलं असं तिला सांगू नका.)

एप्रिलच्या जयंतीपासून माझं पत्र नाही म्हणून तुम्ही कार्डावर जे लिहिलं ते पोस्टमननं वाचलं, खाणावळवाल्यानं वाचलं आणि मग मले मिळालं. कापसाच्या जिनिंगमध्ये जागा निघाली आहे, चौथी पास चालतो, दिवाळीच्या आत ये, तिकडे दगड घासून काय मिळून राहिलं, असं तुम्ही विचारता. मामा, दगडाचंच सांगायला हात धजत नव्हता. छापखान्याच्या मालकानं सांगून टाकलं आहे की दिवाळीला दगडखाना बंद. मी आणि आमचे मुकादम नत्थुजी, दोघंही घरी. नत्थुजी म्हणजे शेंदूरजनाघाटचे, बापाची संत्र्याची बाग टाकून सोळाव्या वर्षी इकडे पळून आलेले. मले कामावर त्यांनीच लावलं, कारण मुलाखतीत मी 'का' ऐवजी आपलं वऱ्हाडी 'काहून' म्हणालो आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण थांबा, लगेच जिनिंगवाल्याला होकार कळवू नका. आधी सगळं ऐका.

दगडावरची छपाई तुम्ही पाहिली नाही म्हणून सांगतो. गुळगुळीत दगडावर चरबीच्या शाईनं चित्र काढायचं, आणि सगळं उलटं काढायचं, म्हणजे कागदावर सुलटं उठतं. घोडा उजवीकडे पळवायचा तर दगडावर डावीकडे पळवा. अक्षरंही उलटी. चार वर्षांत माझा हात असा बसला की (या पत्राची पहिली ओळ मी दोनदा खोडली, ती यामुळेच) सरळ लिहायचं तर थांबून विचार करावा लागतो. नत्थुजींच्या खिशात एक आरसा असतो. चित्र झालं की ते दगडापुढे आरसा धरतात आणि त्यात वाचून पास-नापास ठरवतात.

आता मालकानं नवं मशीन आणलं आहे आणि त्याच्याबरोबर कॅमेरा. जत्रेतल्या फोटोवाल्याचा नव्हे, आपल्या पडवीएवढा. तो चालवायला ओमप्रकाश नावाचा कानपूरचा माणूस आहे. तो मराठी वाचत नाही आणि हिंदीही कमीच बोलतो. आता चित्र साध्या कागदावर सरळच काढायचं, चटईएवढं काढलं तरी कॅमेरा त्याला वहीएवढं करतो. फिल्मवरून जस्ताचा पत्रा बनतो, पत्रा मशीनला गुंडाळला की एका सकाळीत हजारो प्रती. मालक म्हणाला, दगडवाल्यांनी कागदावर एक चित्रकथा करून दाखवावी, जमली तर ठेवीन. मी आठ दिवस बसून गोष्ट काढली. सेमाडोहच्या जंगलातून टपाल नेणारा हरकारा, त्याची बायको, आणि टपालातल्या लाडवांवर टपलेलं अस्वल. नत्थुजींनी कागदापुढे आरसा धरला, एकेक ओळ वाचली आणि म्हणाले, "बाबू, एकदम बरोबर हाय." ओमप्रकाशनं फोटो काढला. दोन हजार प्रती निघाल्या.

चूक तुमच्या लक्षात आली असेल. आमच्या आली नाही. कारण प्रत हाती आल्यावर नत्थुजींनी सवयीनं तीही आरशातच पाहिली, आणि मले तर तशीही बरोबरच दिसली. चूक पकडली बांधणीखात्यातल्या माणिकबाईनं, जिला अक्षरओळख नाही. ती घड्या घालता घालता थांबली आणि तिनं विचारलं, "काय वो, ह्या समद्या बाया गुजराती हायत का? पदर उजव्या खांद्यावर हाय." मग पाहतो तर हरकारा डाव्या हातानं जेवतो, डाव्या हातानं रामराम घालतो, अस्वलसुद्धा डाव्या पंजानं लाडू खातं, आणि खालचं सगळं लिखाण उलटं. आख्ख्या सेमाडोहात एक माणूस उजव्या हाताचा नाही.

मालक आला. त्यानं प्रत हातात धरली, फिरवली, खिडकीशी नेली. मग विचारलं की दोन धडधाकट माणसांना हे दिसलं कसं नाही. नत्थुजी म्हणाले, "तीस वर्सं झाली मालक, जग आरशातच पाहून राहिलो. सरळ पाहाचं काम कधी पडलंच नाही." मालकाला हसू आलं, पण ते त्यानं लगेच गिळलं. तेवढ्यात ओमप्रकाशनं, ज्याचा आवाज मी महिनाभरात दुसऱ्यांदा ऐकला, "पलट देते हैं," एवढंच म्हटलं आणि फिल्म उचलून पालथी घातली. झालं. संध्याकाळपर्यंत नवा पत्रा, नव्या प्रती, पदर जागेवर. दगड असता तर घासून पुन्हा महिनाभर काढत बसलो असतो. मामा, त्या दिवसापासून मी या कॅमेऱ्यावर रागावणं सोडलं. चूक उलटून ठेवता येते असं यंत्र मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

गोष्ट मालकाला आवडली, पण एका गोष्टीनं दगडखाना वाचत नाही. त्याच्या डोक्यात आता आमच्याच दगडखान्यातल्या जुन्या चित्रकथा पुन्हा छापायचं आहे. अडचण अशी की दगड एकदा छापून झाला की वाळूनं घासून त्यावर दुसरं चित्र काढतात, त्यामुळे मूळ काहीच उरलेलं नाही. कोणाच्या घरी छापील अंक शिल्लक असतील तर कॅमेरा त्यावरूनही पत्रा करतो, डागसुद्धा पुसून देतो. घोड्यावरच्या राजकन्येची ती बावन्न भागांची कथा मालकाला फार हवी आहे. पूर्ण संच मिळाला तर पुस्तक निघेल, तुटक्या रेषा जोडायला नत्थुजी आणि मी कायम राहू. हे केवळ माहितीसाठी लिहिलं. तुमच्या पेटीतल्या संचाशी याचा काही संबंध नाही.

मामीला जपा, गुडघ्याला जपा. उत्तर कार्डावर नको, पाकिटात पाठवा.

तुमचा भाचा
भगवंत

ता. क. : संबंध आहे. मामा, तो संच पाठवा. तुम्ही निंबाचा पाला घालून ठेवलेले ते बावन्न अंक तुम्ही मामीच्या हातीही देत नाही हे मले ठाऊक आहे. हजारो छापले तर आपल्या संचाची काय किंमत, असंही तुम्हाला वाटेल. पण पुस्तकाच्या पहिल्या पानावर तुमचं नाव अकोल्यासकट छापू. मालकाला मी विचारलं आहे.

ता. क. २ : मालकाला मी हेही सांगितलं आहे की तुम्ही हो म्हणालात.

ता. क. ३ : नत्थुजी गावाकडे निघाले आहेत. बडनेऱ्याला उतरायचे, ते आधी अकोल्याला उतरतील. हे पत्र पोचेपर्यंत तुमच्या ओट्यावर बसले असतील. संच द्यायचा नसेल तर देऊ नका, पण एकदा उघडून त्यांना पाहू द्या. आणि एकतिसाव्या भागात घोड्याला पाच पाय आहेत म्हणून तुम्ही दर वेळी चित्रकाराला ज्या शिव्या देता, त्या या खेपेला गिळा. चित्रकार समोर बसलेला आहे, आणि त्याच्याजवळ त्या घोड्याची एकही प्रत नाही.