लाल ठिपक्याचा ग्लास

कुरुळी
दि. ३ फेब्रुवारी २०२५

चि. मिनल हिस,
आप्पांचा सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

प्रेसशॉपमध्ये तीस वर्षं काढून कान गेले, त्यामुळे फोनवर भांडता येत नाही. म्हणून हे पत्र, कारण मला भांडायचंच आहे.

तुझ्या भावाच्या चाकणच्या बिस्किटांच्या कंपनीत मागच्या आठवड्यात दातांचं शिबिर झालं. सगळ्या कामगारांची लाळ एकेका पट्टीवर घेतली. ज्याच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटली, त्याच्या तोंडात हिरड्या सडवणारा जंतू आहे असं सांगितलं. आपल्या संघर्षसकट अकरा जण निघाले. त्याच दिवशी त्यांना पॅकिंगवरून काढून मागच्या गोडाऊनला पाठवलं. कँटीनमध्ये त्यांच्या ग्लासांवर लाल रंगाचा ठिपका मारला आणि ते वेगळ्या टेबलावर मांडले. कायम होणाऱ्यांच्या यादीत पोराचं नाव होतं, तेही थांबवलंय. तंबाखू नाही, मावा नाही, आणि हे भोग! तुझी आई म्हणते, माझ्या लेकराच्या हिरडीतनं कधी रगत आलं न्हाई. तू भोसरीच्या कंपनीत जंतूंच्याच तपासणीच्या धंद्यात आहेस. हे काय चाललंय ते मला समजेल असं लिही.

डबा वेळेवर खात जा, नाहीतर तुझी आई दिघीला येऊन ठाण मांडेल. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा,
आप्पा


दिघी
दि. ७ फेब्रुवारी २०२५

ती. आप्पा आणि आईस,
मिनलचा सप्रेम जयभीम.

पत्र वाचून डोकंच फिरलं. त्या जंतूच्या अंगावर एक प्रथिन असतं, पट्टी ते ओळखते. पण ते त्या एकाच्याच अंगावर असतं असं कुठाय? तोंडात शेकडो प्रकारचे जंतू राहतात. त्यातल्या कितीतरी गरीब, काही त्रास न देणाऱ्या जंतूंच्या अंगावरही जवळजवळ तसंच प्रथिन असतं, आणि ते लाळेतही सोडतात. तुमच्या गेटवरचा वॉचमन आठवा. तो निळा शर्ट बघून आत सोडायचा, माणूस बघायचा नाही. पट्टीचंही तेच. रेघ आली तर डॉक्टरांनी हिरड्या तपासून मग बोलायचं असतं. इथे रेघेवरच निकाल लावून मोकळे! आणि धुतलेला ग्लास वेगळा ठेवायला तर काडीचा आधार नाही.

पट्टी कुणी बनवली ते संघर्षला बघायला सांगा. त्या लोकांना मी सोडणार नाही. त्याला म्हणावं, लहानपणी माझा ब्रश लपवायचास त्याची ही शिक्षा नव्हे, तोंड पाडून बसू नकोस.

डबा वेळेवर खाते. लोभ आहेच, राग आला तरी तो कमी करू नका.

तुमची,
मिनल


कुरुळी
दि. १२ फेब्रुवारी २०२५

मिनल, जयभीम.

पट्टीचं रिकामं पाकीट सोबत आहे. संघर्षने कचऱ्याच्या डब्यातून काढून आणलं. त्यावर तुमच्याच भोसरीच्या कंपनीचं नाव आहे. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं.

मी लहान असताना गावच्या हॉटेलात आमची कपबशी बाहेर कोनाड्यात असायची. चहा प्यायचा आणि आपली आपण विसळून ठेवायची. तुला हे कधी सांगितलं नाही. शिकणाऱ्या पोरीच्या डोक्याला ताप कशाला, असं वाटायचं. संघर्षने त्या ग्लासाचं सांगितलं, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तुझी आई म्हणते, पोरीला ठाऊक नसंल. तुला ठाऊक होतं का, एवढंच कळव.

आप्पा


दिघी
दि. १९ फेब्रुवारी २०२५

ती. आप्पांस,
मिनलचा जयभीम.

होय आप्पा, ठाऊक होतं. पट्टीची तपासणी मीच केली होती. नऊ गरीब जंतूंपैकी सहांवर रेघ उमटली. मी ते अहवालात लिहिलं. साहेबांनी ते पान काढायला लावलं. म्हणाले, पट्टी डॉक्टरच वापरणार, त्यांना एवढा खुलासा कशाला. मला तेव्हा कायम व्हायचं होतं. उरलेल्या पानांवर मी सही केली. त्या लोकांना सोडणार नाही असं तुम्हाला लिहिताना मला लाज कशी वाटली नाही! ही पट्टी दुसऱ्या कुणाची असेल, असं मी स्वतःला बजावत होते.

सोमवारी रजा टाकली आणि ते पान नि पट्ट्यांचा डबा घेऊन चाकणला गेले. मॅनेजर भेटायलाच तयार नव्हते. शिबिराच्या डॉक्टरबाईंनी मात्र पान नीट वाचलं आणि स्वतःची लाळ दिली. रेघ. मग मॅनेजरसाहेबांना द्यावीच लागली. त्यांची तर चांगली ठळक! म्हणाले, पट्टी बिघडलेली आहे. मी विचारलं, मग अकरा जणांच्या तेवढ्या चांगल्या होत्या का? शेवटी सगळ्यांसमोर माझी घेतली. ती सोबत पाठवतेय. दोन रेघा आहेत, माझाही ग्लास वेगळा ठेवा.

आमच्या कंपनीला सगळं लेखी कळवलंय. मला ठेवतील असं वाटत नाही. आप्पा, मी घरी येऊ का?

मिनल


कुरुळी
दि. २४ फेब्रुवारी २०२५

चि. मिनल हिस,
सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

अकराही जण शनिवारपासून पॅकिंगवर आहेत. यादीचं अजून कुणी बोलत नाही आणि माफी मागायला कुणाची जीभ वळलेली नाही. पोरांनी मिळून अर्ज दिलाय, तुझ्या त्या पानाची नक्कल जोडून.

तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. जाईल तेव्हा जाईल.

ठिपक्याचे ग्लास भंगारात काढणार होते. संघर्ष आपला ग्लास घरी घेऊन आला. तुझी आई तो तारेच्या घासणीने घासत बसली होती, मी तिचा हात धरला. आता सकाळचा चहा मी त्यातूनच घेतो, उरलेला तुझी आई घेते, मग संघर्ष.

रविवारी ये. तुझा घोट ठेवलाय.

तुझा,
आप्पा