बस्ता म्हणजे

अण्णा, तुमची फरहंग अजून माझ्याकडं आहे. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. बाकीचे कागद भावानं तुमच्यासारख्याच अर्ज लिहून देणाऱ्या दुसऱ्या अर्जनवीसाला देऊन टाकले, ही वही मात्र मी दिली नाही. फरहंग म्हटलं की आता लोक तोंडाकडं बघतात. लहानपणी मीही तिला डिक्शनरी म्हणाले होते, तर तुम्ही केवढे उखडला होतात! डिक्शनरीत साऱ्या दुनियेचे शब्द असतात, फरहंगेत फक्त आपल्या पुढ्यातल्या कागदातले अडलेले शब्द आणि त्यांचे अर्थ, असं सांगून तुम्ही मला तहसील कचेरीसमोर तुमच्या पेटीशेजारी बसवून घेतलंत. लोक निजामाच्या काळातले उर्दू कागद घेऊन यायचे आणि तुम्ही ओळीवरून बोट फिरवत त्यांना मराठीत सांगत जायचात. एकदा एका शब्दापुढं मी माझ्या मनानंच अर्थ लिहून ठेवला. तुम्ही ओरडला नाहीत, खोडरबर हातात दिलंत. "न्हाय कळलं तर जागा कोरी ठेव. तुझ्या अंदाजापायी दुसऱ्याचं वावर जाईल." मला तेव्हा लई राग आला होता.

मग तुमची उजवी बाजू गेली. उमरग्याच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा जीभ चालत होती, पण शब्द भलत्याच ठिकाणी जाऊन बसले होते. पाणी हवं असलं की तुम्ही 'शिक्का' म्हणायचात. डोळ्यावर उजेड आला की 'तलाठी'. आई आणि मी हसलो, तुम्हीही हसलात. मी शिकवत होते त्या शाळेत रजा टाकून तुमच्या उशाशी बसलेली. तुमच्याच वहीच्या मागच्या पानांवर तुमचे शब्द उतरवायला लागले. शिक्का म्हणजे पाणी. मोजणी म्हणजे कूस बदला. आईला 'अगं' म्हणणं तुम्हाला जमायचं, भावाचं नाव एकदा अर्धंमुर्धं का होईना आलं. माझं नाही आलं. खोटं कशाला बोलू, मी रुसले होते. गूमूत काढायला मी, आणि नाव भावाचं.

आणि एक शब्द होता, बस्ता. दिवसभर बस्ता, बस्ता. मी तुमचा कागदांचा बस्ता, ते लाल फडक्यातलं गाठोडं, पुढ्यात आणून ठेवलं. तुम्ही नाही म्हणून मान हलवलीत. मग वाटलं, लग्नाच्या कापडांनाही बस्ताच म्हणतात. कापड म्हणजे पांघरूण असेल. वाकळ घातली आणि तुम्ही गप झालात. झालं, सापडलं! मी शाईनं लिहिलं, बस्ता म्हणजे पांघरूण. भर वैशाखात, वर पत्रे तापलेले, आणि तुम्ही बस्ता म्हटलं की मी तुमच्यावर वाकळ टाकत राहिले. घामानं उशी भिजायची, ती मी बदलायची.

तुम्ही गेलात. "शेवटी कुणाची ओळख राहिली नव्हती," असं मी आल्यागेल्याला सांगत होते. तेरावं झाल्यावर आईनं ती वही घेतली आणि अक्षर लावत लावत वाचायला लागली. त्या ओळीवर येऊन थांबली.

"पांघरूण कुठलं, बाई? तू उठून गेलीस की दाराकडं बघून बस्ता, बस्ता करायचे. तू आलीस की गप. मला वाटलं, तुला ठावं हाय."

वाकळीनं नाही, मी जवळ आल्यानं तुम्ही गप व्हायचात. तुम्ही मला हाका मारत होतात आणि मी तुम्हाला त्या उकाड्यात झाकत होते. अण्णा, एवढं कसं मला कळलं नाही? त्या दिवशी मी चुलीपुढं बसून रडले, आणि आईनं मला रडू दिलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तुम्हाला पोचणार नाही, ठाऊक आहे मला. ती ओळ मी अजून खोडलेली नाही. परवा भाचीच्या लग्नाची कापडं घ्यायला आम्ही उमरग्याला गेलो होतो. दुकानात गर्दी. मागून कुणीतरी म्हातारं माणूस ओरडलं, "बस्ता! बस्ता कुणाचा?" कुणाला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. भरल्या दुकानात मी ओ दिली.